एम्फिसीमा श्वासाच्या तपासण्यांतून कसा ओळखायचा: स्पायरोमेट्री, अडकलेली हवा आणि डीएलसीओ

स्पायरोमेट्रीच्या कागदावर 'सीव्हिअर ऑब्स्ट्रक्शन' छापून आलं की पुढच्या चिठ्ठीवर 'एम्फिसीमा' लिहून मोकळं होण्याची सवय आपल्याकडे बरीच आहे. स्पायरोमेट्री एवढंच सांगते की हवा बाहेर पडायला अडथळा आहे. तो अडथळा श्वासनलिका सुजल्यामुळे आणि कफामुळे आलाय की वायुकोशांच्या भिंती नष्ट झाल्यामुळे, हे त्या एका चाचणीला कळत नाही. दमा, जुनाट ब्राँकायटिस, क्षयानंतर खराब झालेली फुप्फुसं आणि एम्फिसीमा या चौघांतही एफईव्ही-१ (जोरात फुंकताना पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा) अपेक्षेच्या ४५ टक्के येऊ शकतो.

एम्फिसीमात तीन गोष्टी घडतात आणि तिन्ही मोजता येतात. भिंती गेल्या की फुप्फुसाची आत खेचणारी लवचीक ओढ कमी होते, त्यामुळे जोरात श्वास सोडताना बारीक नलिका मिटतात. नलिका मिटल्या की हवा आत अडकते आणि फुप्फुस कायम फुगलेलं राहतं. शिवाय भिंतींबरोबर त्यांतल्या केशवाहिन्याही जातात, म्हणून वायू रक्तात शिरण्याची जागाच घटते. पहिली गोष्ट स्पायरोमेट्रीच्या आलेखात दिसते, दुसरी फुप्फुसांच्या आकारमानांत आणि तिसरी डीएलसीओ या चाचणीत. तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवत असतील तर एम्फिसीमा म्हणायला आधार मिळतो. एचआरसीटी स्कॅनमध्ये विरलेला भाग प्रत्यक्ष दिसतो हे खरंच, पण त्या भागामुळे फुप्फुसाचं काम किती बिघडलंय याचा आकडा श्वासाच्या तपासण्याच देतात.

हा लेख मुख्यतः पीएफटी, म्हणजे फुप्फुसांच्या या तपासण्या, करणारे तंत्रज्ञ, फॅमिली डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट यांच्यासाठी आहे. रुग्णांना आणि घरच्यांना रिपोर्ट वाचायलाही त्याचा उपयोग होईल. मात्र त्यावरून पंप बंद किंवा सुरू करू नये.

आधी कोणाला थांबवायचं

दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन उतरणं किंवा थुंकीतून रक्त अशी तक्रार असेल तर आधी थुंकीची तपासणी आणि एक्स-रे, फुंकणं नंतर. आपल्याकडे हा नियम सोयीसाठी वाकवू नये. क्षयाच्या एका रुग्णाने बंद खोलीत आठ वेळा जोरात फुंकलं की पुढच्या रांगेतल्या सगळ्यांना धोका असतो. जंतू अडवणारा फिल्टर प्रत्येकाला नवा लावायचाच, पण त्याच्या भरवशावर संशयित रुग्ण घेऊ नये.

आठवड्याच्या आत हृदयविकाराचा झटका किंवा डोळ्याची शस्त्रक्रिया, चार आठवड्यांच्या आत छातीची, पोटाची किंवा मेंदूची शस्त्रक्रिया, फुप्फुसाबाहेर हवा साठलेली असणं, आटोक्यात नसलेला रक्तदाब, मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा: अशा वेळी चाचणी पुढे ढकलावी किंवा छातीच्या डॉक्टरांना विचारूनच करावी. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले आजोबा हा नेहमीचा प्रसंग. ते आपणहून सांगत नाहीत, विचारावं लागतं.

दम अचानक वाढून नुकतंच ॲडमिट व्हावं लागलं असेल तर साधारण सहा आठवडे जाऊ द्यावेत. त्याआधीचे आकडे त्या आजारपणाचे असतात, मूळ फुप्फुसाचे नसतात.

आदल्या दिवसापासूनची तयारी

निदान पहिल्यांदाच करायचं असेल तर शक्य तेवढी औषधं थांबवावीत. साल्ब्युटामॉल ४ ते ६ तास, इप्राट्रोपियम १२ तास, फॉर्मोटेरॉल किंवा साल्मेटेरॉल २४ तास, इंडाकॅटेरॉल, विलँटेरॉल किंवा ओलोडॅटेरॉल ३६ तास, टायोट्रोपियम किंवा ग्लायकोपायरोनियम ३६ ते ४८ तास. रुग्णाला ही नावं माहीत नसतात, 'निळा पंप', 'सकाळची कॅप्सूल' एवढंच तो सांगतो. म्हणून अपॉइंटमेंट देतानाच पंप आणि कॅप्सूलची पट्टी सोबत आणायला सांगावं. ज्याला पंपाशिवाय रात्र काढता येत नाही त्याचं औषध थांबवू नये, शेवटचा डोस कधी घेतला ते कागदावर लिहावं. सीओपीडीचं (श्वासमार्गात कायमचा अडथळा आणणाऱ्या जुनाट आजाराचं, एम्फिसीमा त्यातच येतो) निदान तसंही औषध दिल्यानंतरच्या आकड्यांवरच पक्कं करतात. वर्षावर्षाची तुलना करायची असेल तर दर वेळी परिस्थिती सारखी ठेवणं औषध थांबवण्यापेक्षा महत्त्वाचं.

स्पायरोमेट्रीआधी तासभर बिडी-सिगारेट नको आणि दमवणारं काम नको. डीएलसीओ करायची असेल तर त्या दिवशी सकाळपासूनच धूम्रपान बंद. ही चाचणी कार्बन मोनॉक्साइड वायूवर चालते आणि धुरातून तोच वायू आधीच रक्तात बसलेला असतो. रक्तातल्या कार्बन मोनॉक्साइड चिकटलेल्या हिमोग्लोबिनचं प्रमाण १ टक्क्याने वाढलं की डीएलसीओ साधारण १ टक्क्याने कमी दिसतो. सकाळी चुलीवर स्वयंपाक करून आलेल्या बाईलाही हेच लागू आहे. 'सिगारेट ओढता का' एवढा प्रश्न तिच्या बाबतीत कामाचा नाही.

उंची चपला काढून, टाचा भिंतीला लावून मोजावी. पाठीत बाक असेल तर दोन्ही हात पसरून बोटांच्या टोकांमधलं अंतर मोजावं आणि त्यावरून उंची काढावी. वय आधार कार्डावरून घ्यायचं ठरलं तर एक लक्षात ठेवा: १ जून किंवा १ जानेवारी ही जन्मतारीख दिसली तर ती बहुधा शाळेत नाहीतर कार्ड काढताना अंदाजे टाकलेली असते. अपेक्षित एफईव्ही-१ वयागणिक दर वर्षी साधारण २५ ते ३० मिलीने घटतो. पाच वर्षांची चूक म्हणजे सव्वाशे-दीडशे मिलीचा फरक, आणि काठावरच्या रुग्णाचं निदान तेवढ्याने बदलतं.

यंत्रात अपेक्षित आकडा काढायचं कोणतं समीकरण निवडलंय ते रिपोर्टवर छापलंच पाहिजे. २०१२ च्या जागतिक जीएलआय समीकरणांत भारतीय उपखंडासाठी वेगळा गट नव्हता. म्हणून कुठे 'इतर' गट वापरतात, कुठे युरोपीय आकड्याला ०.९ ने गुणतात, कुठे जुनी भारतीय समीकरणं चालतात, तर आता कुठे वंशगट न पाहणारं नवं 'जीएलआय ग्लोबल' वापरतात. या चारांत त्याच माणसाची टक्केवारी वेगवेगळी निघते. दोन वर्षांचे रिपोर्ट जुळवताना म्हणूनच टक्के बाजूला ठेवून आधी लिटर पाहावेत.

यंत्राची रोजची परीक्षा

तीन लिटरची सिरिंज रोज सकाळी जोडायची आणि हळू, मध्यम, जलद अशा तीन वेगांनी ढकलायची. दर वेळी आकडा २.९१ ते ३.०९ लिटरच्या आत आला पाहिजे. हळू बरोबर पण जलद चुकीचा येत असेल तर सेन्सर खराब किंवा ओला आहे. तिन्ही कमी येत असतील तर आधी गळती शोधा: जोडणी, फिल्टर, सिरिंजचं वायसर. सिरिंज यंत्राच्याच खोलीत ठेवा आणि छातीशी धरून ढकलू नका, अंगाच्या उबेने आतली हवा प्रसरण पावते. खोलीचं तापमान एसी चालू झाल्यावर बदलतं, यंत्र ते आपोआप घेत नसेल तर पुन्हा भरा.

आधी सावकाश, मग जोरात

एम्फिसीमाच्या शोधात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित चाचणी म्हणजे स्लो व्हायटल कपॅसिटी, म्हणजे सावकाश सोडलेला पूर्ण श्वास. साध्या स्पायरोमीटरवर ती होते आणि वेगळा खर्च नाही. ती जोरात फुंकण्याच्या आधी घ्यायची, कारण नंतर माणूस थकलेला असतो आणि हवा अडकायला सुरुवात झालेली असते.

हात असलेल्या, चाकं नसलेल्या खुर्चीत ताठ बसवा, पाय जमिनीला टेकलेले. घट्ट पट्टा किंवा परकराची नाडी सैल करायला सांगा. कवळी घट्ट बसत असेल तर राहू द्या, ओठ चांगले मिटतात. हलत असेल तरच काढा. नाकाला चिमटा. तीन-चार साधे श्वास झाले की पूर्ण भरायचा, मग जोर न लावता अगदी संपेपर्यंत सोडायचा. साध्या श्वासाच्या शेवटापासून पूर्ण भरेपर्यंत जी हवा आत गेली ती इन्स्पिरेटरी कपॅसिटी, आयसी. तीही लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

त्यानंतर जोराची चाचणी, एफव्हीसी, म्हणजे जोरात सोडलेली एकूण हवा. आधी स्वतः करून दाखवा. नुसतं 'फुंका' म्हटलं की बरेचजण दिवा विझवल्यासारखे गाल फुगवून छोटी फुंकर मारतात. त्यापेक्षा 'भरा, भरा, अजून भरा... सोडा जोरात!' आणि पुढे न थांबता 'सोडत राहा, सोडत राहा, अजून आहे, अजून...' असं चढ्या आवाजात म्हणत राहावं. 'सोडा'चा झटका आणि भरण्याचा शेवट यांत दोन सेकंदांहून जास्त वेळ जाऊ देऊ नका.

पडद्यावर काय तपासायचं? सुरुवात चाचरत झाली का ते बॅक-एक्स्ट्रापोलेटेड व्हॉल्यूम सांगतो. तो एफव्हीसीच्या ५ टक्के किंवा १०० मिली, यांतला जो मोठा असेल त्याच्या आत हवा. पहिल्या सेकंदात खोकला आला तर तो प्रयत्न एफईव्ही-१ साठी बाद. शेवट नीट झाला हे ओळखायचं ते शेवटच्या सेकंदात २५ मिलीपेक्षा जास्त हवा न येण्यावरून, नाहीतर १५ सेकंद पूर्ण होण्यावरून. एम्फिसीमाचा रुग्ण बहुतेकदा १५ सेकंदांपर्यंत पोचतो आणि तरी हवा झिरपतच असते. तिथे थांबवा. पुढे ताणलं तर चक्कर येते, माणूस खुर्चीतून घसरतो. असे तीन चांगले प्रयत्न हवेत, आणि त्यांतल्या सर्वोत्तम दोन एफईव्ही-१ मध्ये तसंच सर्वोत्तम दोन एफव्हीसींमध्ये १५० मिलीपेक्षा जास्त फरक नको. आठ प्रयत्नांत जमलं नाही तर त्या दिवसापुरतं सोडून द्या. प्रत्येक प्रयत्नागणिक आकडे उतरत असतील तर थकव्याबरोबर श्वासनलिका आकसण्याचाही संशय घ्यावा.

सगळ्यांत जास्त होणारी चूक म्हणजे सहा सेकंद झाले की 'बास' म्हणणं. अडथळा असलेल्या माणसाची एफव्हीसी त्याने कमी भरते, एफईव्ही-१ आणि एफव्हीसी यांचं गुणोत्तर खोटं चांगलं दिसतं, आणि मध्यम सीओपीडी 'नॉर्मल' किंवा 'रिस्ट्रिक्शन' म्हणून बाहेर पडतो.

आलेखात एम्फिसीमा कसा दिसतो

प्रवाह आणि आकारमान यांच्या आलेखात निरोगी माणसाची उतरती रेष जवळजवळ सरळ असते. अडथळ्यात ती आत खचते. बळावलेल्या एम्फिसीमात मात्र एक खास आकार येतो: सुरुवातीला टोकदार उंच सुळका, मग एकदम कोसळून तळाजवळ लांबच लांब सपाट शेपूट. जोर लावताच मोठ्या नलिकांतली हवा एका झटक्यात बाहेर पडते आणि पाठोपाठ नलिका मिटतात, म्हणून सुळका. त्यामुळेच पीक फ्लो मीटरवर एम्फिसीमा जोखू नये: सुळका बरा असतो, माणूस मात्र दोन जिने चढू शकत नाही.

आता सावकाश आणि जोराच्या श्वासाची तुलना करा. निरोगी माणसात दोन्ही जवळपास सारखे. सावकाश सोडलेली हवा दोन-तीनशे मिलीने जास्त भरली तर जोर लावल्यावर नलिका मिटतात असा अर्थ. मग एफईव्ही-१ ला एफव्हीसीऐवजी या मोठ्या आकड्याने भागून पाहा, लपलेला अडथळा उघडा पडतो.

एफईएफ २५-७५ (जोरात सोडलेल्या श्वासाच्या मधल्या अर्ध्या भागातला सरासरी प्रवाह) या आकड्यावरून 'लहान नलिकांचा आजार' किंवा 'सुरुवातीचा एम्फिसीमा' असं लिहिण्याची प्रथा आम्हाला पटत नाही. एफव्हीसी थोडी बदलली की तो आकडा भलताच हलतो.

औषध देऊन पुन्हा

साल्ब्युटामॉल १०० मायक्रोग्रॅमचे चार पफ, स्पेसरमधून, एकेक सुटा. पफ दिला की हळू श्वास भरून ५ ते १० सेकंद धरायला लावा. शेवटच्या पफनंतर १५ मिनिटं घड्याळ लावून थांबा, मग पुन्हा तीन चांगले प्रयत्न. या वेळचं गुणोत्तर ०.७० च्या खाली असेल तर कायमचा अडथळा. पण ०.६० ते ०.८० च्या दरम्यान असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करून मगच शिक्का मारावा. ठरावीक ०.७० म्हाताऱ्या माणसांना उगीच पकडतं आणि चाळिशीतल्यांना सोडतं, म्हणून सोबत खालची सामान्य मर्यादा, म्हणजे उणे १.६४५ झेड-स्कोअर, पाहावी. गोल्ड या सीओपीडीच्या जागतिक मार्गदर्शिकेतल्या श्रेणी मात्र औषधानंतरचा एफईव्ही-१ अपेक्षेच्या किती टक्के आहे त्यावर: ८० टक्के आणि वर सौम्य, ५० ते ७९ मध्यम, ३० ते ४९ गंभीर, त्याखाली अतिगंभीर.

काही जणांत औषधानंतर एफईव्ही-१ जागचा हलत नाही, पण एफव्हीसी ३०० मिलीने वाढते. गुणोत्तर त्यामुळे आणखी घसरतं. 'रिपोर्ट बिघडला' असं वाटून रुग्ण घाबरतो. खरं तर अडकलेली हवा थोडी सुटलीय आणि त्याला बरं वाटण्याचं कारण तेच आहे. पंपाचा उपयोग नाही असं या रिपोर्टवरून म्हणू नये.

आत अडकलेली हवा मोजणं

पूर्ण श्वास सोडल्यावरही जी हवा आत राहते ती आरव्ही, आणि पूर्ण भरलेल्या फुप्फुसातली एकूण हवा टीएलसी. तोंडातून बाहेरच न येणारी हवा स्पायरोमीटर मोजणार कशी? त्यासाठी बॉडी प्लेथिस्मोग्राफ लागतो, काचेची बंद केबिन. ही सोय मोठ्या शहरांतल्या निवडक केंद्रांतच असते.

केबिनचं दार लावल्यावर मिनिटभर थांबा, आतलं तापमान स्थिर होऊ द्या. साधे श्वास चालू असताना शटर बंद होतं आणि रुग्णाने हलके हलके धापल्यासारखे श्वास घ्यायचे असतात. दोन्ही तळवे गालांवर दाबून धरायला सांगा, गाल हलले की आकडा चुकतो. वेग मिनिटाला ३० ते ६० ठेवा. एम्फिसीमात वेग वाढला की तोंडातला दाब वायुकोशांतल्या दाबामागे रेंगाळतो आणि टीएलसी फुगवून दाखवली जाते. एफआरसी, म्हणजे साधा श्वास सोडल्यावर आत उरलेली हवा, तीनदा मोजा, त्यांत ५ टक्क्यांपेक्षा जास्त तफावत नको.

केबिन नसेल तर हेलियम मिसळण्याची पद्धत. पण जिथे हवाच नीट जात नाही अशा पोकळ्यांत हेलियमही पोचत नाही, म्हणून एम्फिसीमात ती पद्धत टीएलसी कमी दाखवते. हीच उणीव कामाला लावता येते: केबिनची टीएलसी आणि वायू मिसळून आलेलं आकारमान यांतला फरक म्हणजे कोंडलेली हवा. डीएलसीओ करताना व्हीए नावाचा आकडा फुकट मिळतो, तो याच जातीचा. व्हीए भागिले टीएलसी ०.८ च्या बरंच खाली गेलं तर हवेची वाटणी असमान आहे.

अपेक्षेपेक्षा वाढलेली आरव्ही, वाढलेलं आरव्ही-टीएलसी गुणोत्तर आणि त्याबरोबर वाढलेली टीएलसी हे एम्फिसीमाचं चित्र. दम्याच्या झटक्यातही आरव्ही वाढते, पण औषधाने उतरते. आयसी भागिले टीएलसी ०.२५ पेक्षा कमी असेल तर आजार पुढच्या टप्प्यावर आहे असं समजावं. श्वास भरायला वर जागाच उरलेली नसते, म्हणून चार पावलांत दम.

छापील रिपोर्टवरचा 'मिक्स्ड डिफेक्ट' हा शब्द इथे खोडायचा असतो. हवा अडकली की एफव्हीसी कमी होतेच, तिला 'रिस्ट्रिक्शन' म्हणायचं तर टीएलसी कमी दिसली पाहिजे. टीएलसी १२५ टक्के असताना मिश्र दोष नसतो, यंत्राने काहीही छापो.

डीएलसीओ: एम्फिसीमाच्या सर्वांत जवळ जाणारी चाचणी

०.३ टक्के कार्बन मोनॉक्साइड, हेलियम किंवा मिथेनसारखा एक खुणेचा वायू, २१ टक्के ऑक्सिजन आणि उरलेला नायट्रोजन असं मिश्रण एका श्वासात भरून दहा सेकंद धरायचं. किती कार्बन मोनॉक्साइड रक्तात गेला त्यावरून वायू शिरण्याची क्षमता निघते. विषारी वायू म्हणून घरचे बिचकतात. एवढ्या अल्प प्रमाणात, मोजक्या वेळा, त्याने अपाय होत नाही हे आधीच सांगावं.

पाच मिनिटं शांत बसवा. ऑक्सिजन चालू असेल आणि डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर १० मिनिटं आधी काढा, कारण जादा ऑक्सिजन कार्बन मोनॉक्साइडची जागा अडवतो. नाकाला चिमटा, साधे श्वास, मग सगळा श्वास सोडायला सांगा. एम्फिसीमात याला वेळ लागतो, पण १२ सेकंदांच्या पुढे रेंगाळू नका. त्यानंतर झपकन पूर्ण भरणं: बहुतेक हवा चार सेकंदांच्या आत गेली पाहिजे. आता धरून ठेवायचं, ८ ते १२ सेकंद. 'नुसतं थांबा, जोर लावू नका' हे इथे मुद्दाम सांगा. बंद झडपेविरुद्ध कुंथलं तर छातीतलं रक्त बाहेर ढकललं जातं आणि आकडा खाली येतो. उलट आत ओढत राहिलं तर वर जातो. शेवटी एकसारखा, न थांबता सोडायचा.

भरलेली हवा रुग्णाच्या सर्वांत मोठ्या व्हायटल कपॅसिटीच्या किमान ९० टक्के हवी. तुलना एफव्हीसीशी न करता सावकाश श्वासाच्या आकड्याशी करा. नाहीतर एम्फिसीमात अपुरा श्वासही पुरेसा वाटतो. दोन प्रयत्नांमध्ये किमान चार मिनिटं, अडथळा फार असेल तर जास्तच, म्हणजे आधीचा वायू पूर्ण निघून जाईल. दोन चांगल्या प्रयत्नांत २ मिली प्रति मिनिट प्रति मिमी पारा याहून जास्त फरक नको. एकूण पाचच्या वर जाऊ नका, रक्तात कार्बन मोनॉक्साइड साठत जातो. जुन्या पद्धतीच्या यंत्रांत पाऊण लिटर हवा टाकून मग अर्ध्या लिटरचा नमुना घेतात. ज्याची व्हीसी सव्वा लिटरच्या आसपास आहे त्याचा नमुना तिथे पुरतच नाही. टाकायची हवा अर्ध्या लिटरवर आणता येते. तरी जमलं नाही तर 'चाचणी शक्य झाली नाही' असं लिहा, खोटा आकडा देऊ नका.

हिमोग्लोबिनशिवाय डीएलसीओ वाचणं आपल्याकडे तर अजिबात परवडत नाही, पंडुरोग इतका सर्रास आहे. पुरुषांसाठी मोजलेल्या आकड्याला (१०.२२ + हिमोग्लोबिन) ने गुणून (१.७ × हिमोग्लोबिन) ने भागायचं. स्त्रियांसाठी १०.२२ च्या जागी ९.३८. हिमोग्लोबिन ९ असलेल्या बाईचा आकडा या दुरुस्तीने २० टक्के वाढतो. ज्याला एम्फिसीमा समजत होतो त्यातला मोठा वाटा रक्त कमी असल्याचा निघू शकतो.

एक नमुना रिपोर्ट

काल्पनिक उदाहरण घेऊ. ६२ वर्षांचा पुरुष, तीस वर्षं बिडी. औषधानंतर एफईव्ही-१ १.१० लिटर, म्हणजे ४४ टक्के. एफव्हीसी २.६० लिटर, गुणोत्तर ०.४२. इथपर्यंत 'गंभीर अडथळा', बस. सावकाश व्हीसी २.९५, म्हणजे जोराच्या श्वासापेक्षा ३५० मिली जास्त: नलिका मिटतायत. टीएलसी ७.० लिटर, १२५ टक्के. आरव्ही ४.०५ लिटर, १८८ टक्के. आरव्ही-टीएलसी गुणोत्तर ०.५८: हवा कोंडलीय. आयसी १.७ लिटर, टीएलसीच्या ०.२४. डीएलसीओ ९.०, अपेक्षित २३, म्हणजे ३९ टक्के. हिमोग्लोबिन ११ असल्याने दुरुस्तीनंतर १०.२, म्हणजे ४४ टक्के. व्हीए ४.६ लिटर, टीएलसीच्या ०.६६. डीएलसीओ भागिले व्हीए, म्हणजे केसीओ, २.२, अपेक्षेच्या निम्म्याजवळ. हवा पोचलेल्या भागातही वायू शिरत नाही, म्हणजे भिंती खरोखर गेल्यात. या रिपोर्टखाली 'हवा कोंडणे आणि वायू-वहन घटणे यांसह गंभीर अडथळा, एम्फिसीमाशी सुसंगत' असं लिहिता येतं. त्यापुढचं 'कुठे आणि किती' एचआरसीटीवर सोडावं.

याच माणसाचा डीएलसीओ ९५ टक्के आला असता तर एम्फिसीमाची शक्यता बरीच मागे पडली असती आणि दमा किंवा नलिकांचा आजार पुढे आला असता. दम्यात डीएलसीओ नॉर्मल, कधी वाढलेलाही असतो.

जिथे आकडे फसवतात

स्पायरोमेट्री नॉर्मल आणि डीएलसीओ कमी, असा धूम्रपान करणारा माणूस दिसला की दोन शक्यता आधी पाहाव्यात. एक, सुरुवातीचा एम्फिसीमा, ज्यात अडथळा अजून आकड्यांत दिसत नाही. दुसरी जास्त धोक्याची: फुप्फुसाच्या वरच्या भागात एम्फिसीमा आणि खालच्या भागात फायब्रोसिस (वण पडून फुप्फुस आखडणं) एकत्र. एम्फिसीमा फुप्फुसाला फुगवतो, फायब्रोसिस आकसवतो, दोघं मिळून आकारमानं आणि गुणोत्तर जवळजवळ नॉर्मल ठेवतात, डीएलसीओ मात्र तळाला. अशा वेळी एचआरसीटी आणि फुप्फुसातल्या रक्तदाबासाठी इको टाळू नये. नुसता डीएलसीओ कमी म्हणजे एम्फिसीमा असंही नाही. फुप्फुसातला वाढलेला रक्तदाब, फायब्रोसिस, रक्ताच्या गुठळ्या यांतही तो उतरतो.

चुलीच्या धुराने झालेला सीओपीडी वेगळा वागतो. तिथे नलिकांचं नुकसान आणि हवा कोंडणं जास्त, एम्फिसीमा तुलनेने कमी, त्यामुळे तेवढ्याच एफईव्ही-१ ला डीएलसीओ सिगारेटवाल्यापेक्षा बरा असतो. कधीच न ओढलेल्या बाईचा डीएलसीओ फारच खाली असेल तर 'चुलीमुळे' म्हणून फाईल बंद करू नका, दुसरं कारण शोधा. पन्नाशीच्या आत, किंवा फारसं धूम्रपान नसताना, मुख्यतः खालच्या भागात एम्फिसीमा दिसला तर अल्फा-१ अँटिट्रिप्सिन या फुप्फुसाचं रक्षण करणाऱ्या प्रथिनाची रक्ततपासणी हवी. खरं तर सीओपीडीच्या प्रत्येक रुग्णात ती एकदा करावी अशी शिफारस आहे.

चालून पाहणं, आणि पुढे

सहा मिनिटं चालण्याच्या चाचणीला ३० मीटरचा सरळ, सपाट रस्ता लागतो. छोट्या खोलीत गिरक्या घेतल्या की अंतर कमी भरतं. पहिल्या दिवशी दोनदा घ्या, मध्ये अर्धा तास, आणि मोठं अंतर धरा. ऑक्सिमीटर पूर्ण वेळ बोटाला हवा, शेवटी लावून उपयोग नाही. ऑक्सिजन ८० टक्क्यांखाली गेला तर थांबवा. डीएलसीओ फार कमी असलेले रुग्ण बसल्या जागी ९५ टक्के दाखवतात आणि तिसऱ्या मिनिटाला ८४ वर येतात. घरी ऑक्सिजन लागेल का याची चर्चा तिथून सुरू होते.

पाठपुराव्यात वर्षातून एकदा स्पायरोमेट्री पुरते. वर्षभरात एफईव्ही-१ १५ टक्क्यांपेक्षा आणि डीएलसीओ १० टक्क्यांपेक्षा जास्त हलला तरच तो खरा बदल धरावा, तेही यंत्र, समीकरण, पंपाची वेळ आणि हिमोग्लोबिन जुळवून.

फुगलेला भाग कापण्याची शस्त्रक्रिया किंवा दुर्बिणीतून झडप बसवण्याचा विचार असेल तर हे सगळे आकडे एकाच वेळी लागतात. झडपेसाठी साधारणपणे एफईव्ही-१ १५ ते ५० टक्के, टीएलसी १०० टक्क्यांच्या वर आणि आरव्ही निदान १७५ टक्के पाहतात. केंद्रागणिक मर्यादा थोड्या बदलतात. अमेरिकेतल्या नेट या एम्फिसीमाच्या शस्त्रक्रियेवरच्या मोठ्या अभ्यासाने २००१ मध्येच दाखवलं होतं की एफईव्ही-१ २० टक्के किंवा कमी, आणि त्यासोबत डीएलसीओ २० टक्के किंवा कमी, किंवा एम्फिसीमा सगळीकडे सारखा पसरलेला, अशांना शस्त्रक्रियेत मृत्यूचा धोका फार मोठा असतो. म्हणून अशा केंद्राकडे पाठवताना नुसता निष्कर्षाचा कागद देऊ नका. सगळे आलेख, प्रत्येक प्रयत्नाचे आकडे, आकारमानं केबिनमधली की हेलियमची, डीएलसीओसाठी वापरलेलं हिमोग्लोबिन आणि शेवटचा पंप कधी घेतला ती वेळ, एवढं सोबत हवंच.